नोकरी गेल्यावर घरचा व्यवसाय: आधी स्वतःच्या तासाचा भाव ठरवा

वाचकाचे पत्र

मी 43 वर्षांची, वाणिज्य पदवीधर आहे आणि चिंचवडला राहते. भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी 16 वर्षे स्टोअर आणि हिशेबाचे काम पाहिले. मार्चअखेर आमचा विभाग बंद झाला आणि आम्हा 22 जणांना कमी करण्यात आले. शेवटचा पगार 24 हजार रुपये होता. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, नोटिशीचा पगार आणि भरपाई मिळून 4 लाख 10 हजार रुपये हाती आले. भविष्य निर्वाह निधीची रक्कम अजून काढलेली नाही. यजमानांचा पगार 32 हजार आहे आणि गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च 42 हजारांपर्यंत जातो. मुलगी बारावीला आहे, सासूबाईंना मधुमेह आहे. माझ्या हातची चकली, भाजणी आणि पुरणपोळी सर्वांना आवडते. गेल्या दिवाळीत शेजारी आणि कारखान्यातल्या मैत्रिणींना 280 रुपये किलोने 30 किलो चकली करून दिली होती. आता हेच काम वाढवावे असे वाटते. त्यासाठी घरघंटी आणि डीप फ्रीजर घ्यावा का? एका ओळखीच्या गृहस्थांनी वाती वळण्याचे यंत्रही सुचवले आहे. 1 लाख 80 हजारांना यंत्र घ्यायचे, कापूस तेच देणार आणि तयार वातीही तेच विकत घेणार, असे ते सांगतात. यजमान म्हणतात, दुसरी नोकरी शोध. सासूबाईंना घरातून पदार्थ विकणे पसंत नाही. या वयात नोकरी कोण देणार आणि लोकांना काय सांगायचे, हेच मला कळेनासे झाले आहे.

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

ताई, लोकांना काय सांगायचे या तुमच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढची पावले मोकळेपणाने पडणार नाहीत. तुमचा विभाग बंद झाला आणि तुमच्यासोबत आणखी 21 जणांना घरी बसावे लागले, यात तुमच्या कामातील कसूर कुठेही दिसत नाही. 16 वर्षे ज्या माणसाच्या हाती मालाची आवक-जावक आणि बिले होती, त्याच्यावर कारखान्याचा विश्वास होता, हे उघड आहे. म्हणून विचारणाऱ्याला सरळ सांगा की आमचा विभाग बंद झाला, मी हिशेबाचे काम शोधते आहे आणि मागणीप्रमाणे फराळाचे पदार्थही करून देते. यात लपवण्यासारखे काही नाही, आणि काम असो की मागणी असो, ती ज्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आहे त्यांच्याकडूनच येते. मार्चअखेरपासूनचे चार महिने तुम्ही हे कोणाला सांगितले नसेल, तर चार महिने तुम्हाला काम देऊ शकणारी माणसेही अंधारात राहिली आहेत.

आता वातींच्या यंत्राविषयी. ते घेऊ नका, आणि बयाणा म्हणून थोडी रक्कमही देऊ नका. या प्रकारचे व्यवहार महाराष्ट्रात अनेक वर्षांपासून चालत आले आहेत. कधी यंत्र वातींचे असते, कधी द्रोण-पत्रावळीचे, कधी कापूरवड्यांचे किंवा अगरबत्तीचे, पण रचना एकच असते. विकणाऱ्याचा नफा यंत्राच्या किमतीतच वसूल झालेला असतो, त्यामुळे नंतर माल परत घेण्यात त्याला फारसे स्वारस्य उरत नाही. पहिल्या एक-दोन खेपा तो वेळेवर उचलतो आणि पैसेही देतो, कारण त्या बळावर त्याला आणखी चार यंत्रे विकायची असतात. त्यानंतर वात जाड झाली, लांबी कमी भरली, कापूस मळला अशी कारणे सुरू होतात, आणि करार काढून पाहिला की त्यात ‘दर्जा मान्य झाल्यास’ हे शब्द सापडतात. दर्जा ठरवणारा तोच असल्यामुळे तुमच्या हाती काही राहत नाही. त्या गृहस्थांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. कदाचित त्यांनी स्वतःही असेच यंत्र घेतले असेल आणि दुसऱ्याला विकून आपले पैसे मोकळे करण्याची वेळ त्यांच्यावर आली असेल. खात्री करून घ्यायची असेल, तर हाताने वळलेल्या वाती त्याच दराने घेण्यास ते तयार आहेत का, एवढेच विचारा. वातींना खरोखर मागणी असेल, तर त्या कोणत्या यंत्रावर वळल्या याने खरेदीदाराला फरक पडायला नको.

हाती आलेल्या रकमेची आधी पडताळणी करा. हिशेब विभागात काम केलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु स्वतःच्या पैशाचा हिशेब आपण अनेकदा तपासायचा राहून जातो. ग्रॅच्युइटीचे सूत्र शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे असे आहे. तुमचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा 15,600 रुपये असेल, तर 16 वर्षांचे 1 लाख 44 हजार रुपये होतात. कमी करण्यात आलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळते, तेही ताडून पाहा. तुमच्याकडून राजीनामा लिहून घेतला असेल, तर ही भरपाई कोणत्या नावाखाली दिली आहे हे कागदावर स्पष्ट असायला हवे. तफावत आढळली, तर कामगार आयुक्तालयात रीतसर अर्ज करता येतो.

त्यानंतर या 4 लाख 10 हजारांची वाटणी करा. यजमानांच्या पगारातून घर चालवताना दरमहा 10 हजार कमी पडतात, म्हणजे वर्षभराच्या तुटीसाठी 1 लाख 20 हजार बाजूला गेले. यजमानांची नोकरीही खासगीच आहे असे मी गृहीत धरते. तीन महिन्यांचा संपूर्ण खर्च, म्हणजे 1 लाख 26 हजार, केवळ त्यांच्या आजारपणासाठी किंवा त्यांच्यावरही अशीच वेळ आली तर म्हणून ठेवा. मुलीच्या पुढील वर्षीच्या प्रवेशासाठी निदान 84 हजार धरा. आरोग्य विम्यासाठी 40 हजार धरा. आता हाती 40 हजार उरतात, आणि माझ्या मते व्यवसायासाठी तुम्हाला परवडणारी रक्कम तेवढीच आहे. पत्र लिहिताना तुमच्या मनात कदाचित चार लाखांचे भांडवल असेल. ते भांडवल नाही, ते तुमच्या घराचे पुढील वर्ष आहे.

विम्याचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण तुमच्या पत्रात तो नाही. तुमचा पगार 21 हजारांच्या वर असल्याने तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नसणार. कारखान्याचा गट विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपला आहे, आणि सासूबाईंना मधुमेह आहे. गट विम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तसे झाल्यास आधी भरलेली वर्षे प्रतीक्षा काळातून, म्हणजे जुन्या आजारासाठी दावा मिळत नाही त्या काळातून, वजा होतात. मुदत उलटून गेली असेल, तरी एकदा लेखी विचारून पाहा. नवीन पॉलिसी घ्यावी लागली, तर आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो, म्हणून जेवढी लवकर घ्याल तेवढे बरे. मधुमेह लपवू नका. दावा नाकारला जाण्याचे ते नेहमीचे कारण आहे. एकत्र पॉलिसीचा हप्ता सर्वांत वयस्कर व्यक्तीवर ठरतो, त्यामुळे सासूबाईंची पॉलिसी वेगळी आणि तुम्हा तिघांची वेगळी ठेवलेली स्वस्त पडते का, तेही पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला आहे, एवढा दिलासा आहे.

रक्कम ठेवण्याबाबत एकच सूचना. जास्त व्याजासाठी ती गल्लीतल्या पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतील ठेवींना, सहकारी बँका धरून, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. 2024-25 साठी त्यावर 8.25 टक्के व्याज मिळाले आहे, आणि घरगुती व्यवसायाच्या पहिल्या वर्षात एवढा परतावा कोणी खात्रीने देऊ शकत नाही. 10 वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे 58 व्या वर्षापासून निवृत्तिवेतनाचा हक्कही तुम्हाला मिळाला आहे. त्याचे योजना प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या सेवेची नोंद असलेला भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा दाखला, काढून जपून ठेवा.

आता चकलीकडे वळू. या उत्तरात मला सर्वांत जास्त जे सांगायचे आहे, ते इथे आहे. तुम्ही गेल्या दिवाळीत 30 किलो चकली 280 रुपयांनी विकली, म्हणजे 8,400 रुपये आले. ते चांगले वाटले असणार. आता कारखान्यात एखाद्या सुट्या भागाची किंमत काढत होतात तशी चकलीची किंमत काढू. मी घेतलेले भाव उदाहरणादाखल आहेत, तुमच्या दुकानाचे भाव तिथे घाला. एक किलो चकलीला साधारण 750 ग्रॅम भाजणी लागते; धान्य, डाळी आणि दळण धरून भाजणी 110 रुपये किलो पडत असेल, तर त्याचे 82 रुपये झाले. मोहन आणि तळण मिळून पाव किलो तेल धरले, तर 38 रुपये. तीळ, तिखट, ओवा, मीठ यांचे 15, गॅसचे 25, पिशवी आणि लेबलचे 20, आणि तुटलेल्या चकल्यांचे 10. एकूण 190 रुपये. म्हणजे किलोमागे तुमच्या हाती 90 रुपये राहिले. चार किलोची एक खेप करायला धान्य धुणे, वाळवणे, भाजणे, गिरणीवर जाणे, पीठ मळणे, पाडणे, तळणे, थंड करून भरणे आणि शेवटी ओटा व कढया घासणे धरून सहा तास लागत असतील, तर एका किलोला दीड तास झाला. दीड तासाचे 90 रुपये, म्हणजे तासाचे 60.

कारखान्यात तुमचा तास कितीचा होता? 24 हजार रुपयांना 26 दिवस आणि रोजचे आठ तास यांनी भागले, तर 115 रुपये येतात. म्हणजे सर्वांनी वाखाणलेली चकली तुम्ही स्वतःच्या निम्म्या दराने केली, तीही कढईसमोर उभे राहून. यात दोष तुमच्या हाताचा नाही, भाव ठरवण्याच्या आपल्या घरगुती सवयीचा आहे. घरातील बाईच्या वेळेला आपण किंमतच धरत नाही. सामानाचा खर्च निघाला आणि वर थोडे उरले, की तो नफा समजला जातो. नोकरी असताना हे चालून गेले, कारण घर पगारावर चालत होते. आता चकलीने पगाराची जागा घ्यावी अशी तुमची अपेक्षा आहे, तर तिने पगाराच्या भावानेच तुमचा वेळ विकत घेतला पाहिजे.

तुमचे 115 रुपये धरले, तर एका किलोची मजुरी 172 रुपये होते आणि चकलीची किंमत 362 वर जाते. म्हणून 400 रुपये किलोच्या खाली चकली विकू नका. 280 ला घेणाऱ्यांपैकी काही जण मागे फिरतील, त्यांना फिरू द्या. त्यांच्यामुळे तुमचे तास अडकत होते. ओळखीच्या माणसाला भाव सांगताना जीभ अडखळते, म्हणून भावपत्रक छापून घ्या आणि विचारणाऱ्याला तेच पाठवा. दुकानात ठेवायचा विचार असेल, तर दुकानदाराचे कमिशन आधी विचारा. 400 च्या मालावर त्याने 25 टक्के मागितले, तर तुमच्या हाती 300 येतात, आणि तुमचा तास पुन्हा 73 रुपयांवर घसरतो. सुरुवातीला तुम्हाला दुकान परवडत नाही, थेट गिऱ्हाईक परवडते.

घरात केलेल्या कामाला मजुरी असते, हे महाराष्ट्रातील एका मोठ्या उद्योगाने फार पूर्वी मान्य केले आहे. 1959 मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जतचे काम उभे राहिले. 80 रुपयांची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तिथे पीठ घरी नेऊन पापड लाटणाऱ्या प्रत्येक बहिणीला (सदस्य महिलांना तिथे असेच म्हणतात) वजनावर लाटण्याची मजुरी मिळते. मालाच्या किमतीत ती मजुरी आधीच धरलेली असते, उरलेच तर देऊ अशी ती नसते. तुमच्या घरातही तसेच व्हावे. सासूबाई डाळ निवडायला बसल्या किंवा मुलीने लेबले चिकटवली, तर त्यांचेही तास वहीत लिहा.

हाच हिशेब इतर पदार्थांना लावला की चित्र बदलते. थालीपिठाची भाजणी घ्या. चार किलो भाजणीला भाजणे, दळून आणणे आणि भरणे मिळून अडीच तास लागले, तर एका किलोला जेमतेम 38 मिनिटे पडतात. धान्य, दळण, गॅस आणि पिशवी यांचे 135 रुपये धरले आणि ती 240 रुपयांनी विकली, तर तासाला सुमारे 168 रुपये मिळतात. तिला तळण नाही, ती तुटत नाही, नीट भाजून पूर्ण थंड करून कोरड्या पिशवीत भरली तर आठवडेच्या आठवडे टिकते, आणि दिवाळीनंतरही विकली जाते. उपवासाच्या भाजणीला श्रावण आणि नवरात्रात वेगळी मागणी असते. तुमच्या पत्रात भाजणीचे नाव चकलीच्या मागे आले आहे. मी तुमच्या जागी असते तर क्रम उलटा केला असता. पुरणपोळीला मेहनत भरपूर आणि टिकण्याची मुदत दोन-तीन दिवसांची, म्हणून ती सणाच्या आदल्या दिवशी, आगाऊ नोंदणीवर आणि नगावर भाव ठरवूनच करा. डब्यांचा व्यवसाय नियमित पैसे देतो, पण त्याला एक दिवसाचीही सुट्टी नसते आणि उधारी साचते. मुलगी बारावीत असलेल्या वर्षी तो सुरू करू नये असे मला वाटते.

यंत्रांचा निर्णय यातूनच निघतो. चकली आणि भाजणीला फ्रीजर लागत नाही, म्हणून डीप फ्रीजर नको. घरघंटी समजा 20 हजारांना मिळते आणि तिच्यामुळे प्रत्येक खेपेला गिरणीवर जाण्याचा अर्धा तास आणि दळणाचे 30 रुपये वाचतात, म्हणजे सारे मिळून 87 रुपये. 20 हजार फिटायला जवळजवळ 230 खेपा लागतील, आणि यात वीज धरलेली नाही. महिन्याला 20 खेपा होऊ लागल्या, तर ती वर्षभरात फिटेल. तोपर्यंत गिरणी बरी. सुरुवातीला घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत: नीट तपासलेला वजनकाटा, पिशव्या बंद करण्याचे सीलर, जाड बुडाची मोठी कढई, घट्ट झाकणाचे डबे आणि लेबले. 40 हजारांतील निम्मी रक्कमही यात संपणार नाही, आणि उरलेली खेळते भांडवल म्हणून लागेल, कारण दिवाळीआधी डाळी आणि तेल रोखीने घ्यावे लागते. तळलेले तेल पुन्हा पुन्हा वापरून खर्च वाचवण्याचा मोह टाळा. खवट वासाची एक पिशवी गेली, की तिच्यासोबत दहा गिऱ्हाइके जातात, आणि तळणाच्या तेलाच्या दर्जाला 2018 पासून कायद्याने मर्यादाही आहे.

कायद्याच्या बाबी थोडक्यात सांगते, पण त्या टाळू नका. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. लहान व्यवसायासाठी ती फोस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर नाममात्र शुल्कात स्वतः करता येते, आणि मिळालेला 14 अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. लेबलवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापराची अंतिम तारीख, बॅच क्रमांक, तुमचा पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हवे. तिळासारख्या ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचा स्पष्ट उल्लेख करा. घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यासाठी 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागते आणि किंमत काढताना त्याचाच भाव धरावा लागतो. सोसायटीच्या समितीला लेखी कळवा. तळणाच्या वासाची तक्रार येण्याआधी कळवलेले कधीही चांगले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर आणि पूर्णपणे मोफत होते, तेव्हा तिच्यासाठी कोणा एजंटला पैसे देऊ नका. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: माल विकणाऱ्याला उलाढाल 40 लाखांच्या आत असताना सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर विकला तर पहिल्याच विक्रीपासून ती बंधनकारक होते. त्यामुळे बेंगळुरूच्या मैत्रिणीने दिवाळीचा फराळ मागवला, तर तो विकत पाठवण्याआधी याचा विचार करा. पहिले वर्ष महाराष्ट्रापुरते राहिलात, तर हा व्याप टळतो.

कर्ज सध्या नको. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची तरतूद आहे, हे खरे आहे. पण अनुदान तुमच्या हाती रोख येत नाही, ते बँकेत तीन वर्षे राखून ठेवले जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. अनुदान आहे म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतलेली घरे हप्त्यांखाली दबतात. महिन्याला किती खेपा विकल्या जातात हे वहीत दिसू लागल्यावर जिल्हा उद्योग केंद्रात किंवा महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या शिबिरात जाऊन माहिती घ्या. तेव्हा तुमच्या हाती खरे आकडे असतील आणि बँकही तुमचे ऐकून घेईल.

ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही पहिल्या दोन ओळींत लिहिली आणि पुढे विसरून गेलात. तुम्ही 16 वर्षे भोसरीत स्टोअर आणि हिशेब सांभाळला आहे. भोसरी, चाकण आणि चिखली परिसरात दहा-पंधरा माणसांचे असंख्य लहान वर्कशॉप आहेत, जिथे मालक स्वतः यंत्रावर उभा असतो आणि बिले खणात साचतात. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यात प्रक्रियेसाठी, गेलेला माल परत आला की नाही, मालासोबतचे चलन जुळते का, खरेदीचे बिल जीएसटीच्या पोर्टलवर दिसते का, हे पाहायला त्याच्याकडे पूर्णवेळ माणूस ठेवण्याइतके काम नसते आणि स्वतःकडे वेळ नसतो. हे काम घरून, एका संगणकावर आणि तुमच्या हिशेबाच्या सवयीवर होते. अशा एका वर्कशॉपने महिन्याला 4 हजार दिले आणि तुमचे 25 तास गेले, तर तासाला 160 रुपये झाले. अशी तीन वर्कशॉप मिळाली, तर तुमच्या घराची दरमहाची 10 हजारांची तूट भरून निघते, तीही भांडवल न घालता. वाणिज्य पदवी असल्याने पुढे परीक्षा देऊन जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे इतरांची जीएसटी विवरणपत्रे भरून देणारा नोंदणीकृत व्यावसायिक, होण्याचा मार्गही तुम्हाला खुला आहे. कारखान्यात असताना ज्या पुरवठादारांशी आणि जॉबवर्कवाल्यांशी तुमचे रोज बोलणे व्हायचे, त्यांना या आठवड्यात फोन करा. तुमचा स्वभाव आणि चोखपणा त्यांना माहीत आहे. अनोळखी ठिकाणी अर्ज पाठवण्यापेक्षा याचा उपयोग लवकर होईल. तीन वर्कशॉप मिळायला तीन-चार महिने लागू शकतात, म्हणून हे काम फराळाच्या आधी हाती घ्या.

यजमान नोकरी शोध म्हणतात, त्याला विरोध करू नका. त्यांना हप्त्याची काळजी आहे आणि ती रास्त आहे. वरची वाटणी कागदावर मांडून त्यांना दाखवा. वर्षभराची तूट बाजूला ठेवलेली आहे आणि व्यवसायात 40 हजारांहून एक रुपयाही जास्त जाणार नाही, हे त्यांना दिसले की त्यांचे बोलणे मवाळ होईल असे मला वाटते. अर्जही चालू ठेवा. लहान कारखान्यांना हिशेबासाठी पंचविशीतलेच माणूस हवे असते, हा आपला समज आहे. टिकून राहणारे माणूस त्यांना अधिक हवे असते, आणि तुम्ही एका जागी 16 वर्षे टिकलात.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना विचारा. घरातून पदार्थ विकणे त्यांना कमीपणाचे वाटते, की घरभर तेलकट वास, येणारीजाणारी माणसे आणि तुमची होणारी दमछाक त्यांना नको आहे, हे तुमच्या पत्रावरून मला सांगता येत नाही. कारण दुसरे असेल, तर उपाय सोपा आहे: तळण आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, सकाळी मुलगी क्लासला गेल्यावर करा, आणि माल दाराशी न देता ठरलेल्या वेळी खाली देण्याची पद्धत ठेवा. कारण पहिले असेल, तर थोडा वेळ जाऊ द्या आणि त्यांच्या देखत भाव सांगा, उसने हसू न आणता.

कामाचा क्रम असा ठेवा. श्रावणात फक्त भाजणी, तीही नोंदणी झालेलीच, अर्धे पैसे आधी घेऊन. गणपतीत पुरणपोळी आणि भाजणी. नवरात्रात उपवासाची भाजणी. कोजागरीला दिवाळीची नोंदणी बंद करा, कारण त्यानंतर स्वीकारलेल्या प्रत्येक किलोचे जागरण तुमच्या आणि मुलीच्या वाट्याला येते. प्रत्येक खेपेचे सामान, तास आणि विक्री वहीत लिहा. तुम्हाला तर ते रोजचे काम आहे. तुळशीचे लग्न झाले की त्या आठवड्यात यजमानांसोबत वही घेऊन बसा. ज्या पदार्थाने तासाला 115 रुपयांहून जास्त दिले असतील, तो पुढे चालू ठेवा आणि वाढवा. ज्याने 60 ते 115 च्या दरम्यान दिले असतील, त्याचा भाव वाढवून संक्रांतीपर्यंत एक संधी द्या. ज्याने 60 च्या खाली दिले असतील, तो विक्रीतून काढून टाका आणि घरच्यांसाठी करा. आणि एकही पदार्थ 115 पर्यंत पोचला नाही, तर फराळ सणापुरता ठेवून वर्कशॉपच्या हिशेबाचे काम चौथ्या ठिकाणी मिळवायला लागा.